पाठीवरच्या गाठी

तायक्वांदोच्या चेस्ट गार्डच्या दोऱ्या स्वतःच्या स्वतःला बांधता येत नाहीत. लेकीला क्लासला घातल्यावर पहिल्या महिन्यातच हे कळलं. जाड फोमचा तो गार्ड, एका बाजूने निळा, उलटवला की लाल. पुढून छाती-पोट झाकतो आणि पाठ मोकळी ठेवतो. पाठीवर नुसत्या दोऱ्या, फुलीसारख्या एकमेकींवरून गेलेल्या. कुणीतरी मागे उभं राहून त्या ओढायच्या, श्वास कोंडणार नाही पण गार्डही हलणार नाही इतपत आवळायच्या आणि गाठ मारायची. त्यामुळे फाइट सुरू व्हायच्या आधी क्लासमध्ये रोज एकच दृश्य दिसतं. एक मूल पाठ करून उभं आणि दुसरं त्याच्यामागे वाकून दोऱ्यांशी झटतंय. मग दोघं जागा बदलतात. पाठ केलेलं मूल त्या वेळी अगदी शांत असतं, वेणी घालून घेताना मुली असतात तसं. आणि दोन मिनिटांनी तीच दोघं एकमेकांना लाथा मारत असतात.

गेल्या डिसेंबरात जिल्हा स्पर्धा होती. सकाळी सहाला वजन, मग तासन्‌तास बसून राहणं. पत्र्याच्या छताचा हॉल, घामाचा आणि रबरी मॅटचा मिसळलेला वास, माइकवरून नावं पुकारणारा घोगरा आवाज, आणि आयांच्या पिशव्यांतून निघणारे पराठे. ड्रॉ लागला तेव्हा लेक कागदासमोर जरा जास्तच वेळ उभी राहिली. पहिल्याच फेरीत तिच्यासमोर तिची मैत्रीण होती. पाच वर्षं दोघी एका क्लासमध्ये होत्या. पांढऱ्या बेल्टपासून एकमेकींच्या गार्डच्या दोऱ्या त्यांनीच बांधल्या होत्या. जूनमध्ये मैत्रिणीने क्लास बदलला. मोठ्या माणसांचं काहीतरी बिनसलं होतं; काय ते मला अर्धंच ठाऊक आहे आणि त्या अर्ध्यावरही माझा पूर्ण विश्वास नाही.

नाव पुकारलं. माझ्या लेकीचा निळा, तिचा लाल. लेकीच्या दोऱ्या क्लासमधल्या ताईने बांधल्या. पलीकडे ती मुलगी एकटीच उभी होती. तिचे नवे सर दुसऱ्या मॅटवर कुणाच्या तरी खुर्चीत बसले होते, आणि तिच्या क्लासची बाकी मुलं अजून आलीच नव्हती. गार्ड अंगात अडकवलेला, दोऱ्या लोंबत्या, मान वळवून वळवून ती कुणाला तरी शोधत होती. माझी लेक मॅटच्या कडेने चालत गेली, काही न बोलता तिच्यामागे उभी राहिली आणि दोऱ्या ओढून घट्ट गाठ मारली. मग दुसरी गाठ. मग परत आपल्या बाजूला येऊन तिने हेडगार्ड चढवला.

माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या क्लासच्या एका आईने हे पाहिलं. म्हणाली, “ही कशाला बांधतेय? ती आता आपली नाही.”

मी मान हलवली. नुसती नाही, होकारार्थी हलवली.

हे लिहिताना मी स्वतःची समजूत घालू शकले असते की मान सवयीने हलली, गर्दीत ऐकू आलं नव्हतं. पण ऐकू आलं होतं. आणि त्या क्षणी खरंच वाटलं होतं की या पोरीने उगाच सामन्याआधी स्वतःला मऊ करून घेतलं. ते वाक्य मग दिवसभर डोक्यात राहिलं. रात्री भांडी घासताना राहिलं. तीन महिने होत आले, अजून आहे.

‘ती आता आपली नाही’ हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. चिपळूणच्या आमच्या घरी, आजीच्या तोंडून. माझी आत्या शाळेत असताना खो-खो खेळायची. लग्नानंतर चार वर्षांनी एका पहाटे सासरहून निघाली आणि माहेरी न येता पहिल्या एसटीने सरळ मुंबई गाठली, नोकरी धरली. का निघाली, तिथे काय सोसलं, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही. सासरहून माहेरी आली असती तर ती ‘परत आलेली’ झाली असती. सासरी राहिली असती तर ‘नांदणारी’. दोन्हींसाठी घरात शब्द होते. स्वतःच्या पायाने तिसरीकडे गेली तर तिच्यासाठी एकच शब्द उरला होता, ‘पळाली’. आजीने तिचं नाव टाकलं. पण आत्याला खो-खोत मिळालेला पितळी कप मात्र टाकला नाही. तो देवघरात होता. आजी त्यात फुलवाती ठेवायची. दर आठवड्याला चिंचेने घासून लखलखीत करायची, आणि कुणी पाहुण्याने विचारलं तर म्हणायची, “आमच्या घरात खेळ आहे हो, पहिल्यापासून.”

कप आमचा होता, कप आणणारी आमची नव्हती. लहानपणी यात मला काहीच विचित्र वाटलं नाही.

विचित्र वाटलं ते कितीतरी वर्षांनी, आणि तेही एका इराणी मुलीमुळे. २५ जुलै २०२१, रविवार. आदल्या गुरुवारी चिपळूणमध्ये पाणी भरलं होतं. आमच्या घराच्या तळमजल्यात छातीएवढं. आई-बाबा वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होते, सुखरूप होते, पण फोन लागेल तेव्हा लागेल अशी गत. त्या सकाळी मी टीव्हीचा आवाज बंद करून चिखलाची दृश्यं पाहत बसले होते, हातात मोबाइल. बाबांचा फोन लागला तर एवढंच म्हणाले, “पाणी गेलं गं. चिखल राहिलाय.” आठ वर्षांची लेक शेजारी दुसऱ्या मोबाइलवर ऑलिम्पिक लावून बसली होती. लॉकडाउनमध्ये तिचा क्लास ऑनलाइन चालायचा; सर पलीकडून आकडे मोजायचे आणि ही सोफ्याच्या उशीला लाथा मारायची. त्यामुळे खऱ्या मॅटवर खरी माणसं लढताना पाहणं तिला दिवाळीसारखं होतं. तिने माझी बाही ओढली. “आई, या दोघी एकमेकींना ओळखतात का? एकदम सारखं खेळतायत.”

स्पर्धा टोकियोजवळ चिबाला चालली होती. ५७ किलोखालच्या गटाची पहिलीच फेरी. एकीच्या हेल्मेटखाली हिजाब होता, दुसरीच्या नव्हता. हिजाबवाली इराणची नाहिद कियानी. दुसरी किमिया अलीझादेह, निर्वासितांच्या संघाची. जिंकली तर तिच्यासाठी वर चढणार तो ऑलिम्पिकचा पाच वर्तुळांचा झेंडा, कुठल्याही देशाचा नाही. पोरीचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्या ओळखत होत्या. दोघी १९९८ सालच्या, दोघी एकेकाळी इराणच्या एकाच संघातल्या. मला त्या दिवशी सगळ्यात आधी काय दिसलं असेल तर ते हे, की या दोघींनी कधीतरी, कुठल्यातरी सरावात, एकमेकींच्या पाठीवरच्या दोऱ्या बांधल्या असतील.

किमिया हे नाव आपल्या ‘किमया’चंच. फारसीतून आपल्याकडे आलेला शब्द. तेहरानच्या शेजारच्या करजमध्ये जन्मलेली मुलगी. २०१४ साली नानजिंगच्या युवा ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण, पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये रिओत, अठराव्या वर्षी, स्वीडनच्या निकिता ग्लास्नोविचला ५–१ असं हरवून ऑलिम्पिकचं कांस्य. इराणच्या कुठल्याही स्त्रीने जिंकलेलं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. देशाच्या अध्यक्षांनी, हसन रूहानींनी, अभिनंदनाच्या संदेशात तिला ‘माझी मुलगी’ म्हटलं. तो आनंद खोटा होता असं मी म्हणणार नाही. एका अख्ख्या देशातल्या बायकांनी ती रात्र कशी काढली असेल याची थोडी कल्पना आपल्याला करता येते, कारण त्याच्या आदल्याच दिवशी, त्याच रिओत, आपली साक्षी मलिक कुस्तीत कांस्य घेऊन उभी राहिली होती. राखीपौर्णिमेच्या सकाळी आपण जागे झालो ते त्या बातमीने. सगळ्या देशाला अचानक एक बहीण, एक लेक मिळाली होती.

साक्षीचं नाव इथे आलंच आहे तर ते पुरतं सांगते. २८ मे २०२३ ला दिल्लीच्या रस्त्यावर पोलीस साक्षीला आणि विनेश फोगटला फरपटत गाडीत घालतानाचे फोटो मी लेकीपासून लपवले होते. तिने ते मैत्रिणीच्या घरी पाहिले. मला विचारलं नाही काही. दुसऱ्या दिवशी क्लासला जाताना बेल्ट बांधता बांधता एवढंच म्हणाली, “पण त्यांनी तर मेडल आणलं होतं ना?” आजीच्या देवघरातला कप मला तेव्हा आठवला. घासून घासून पिवळाधमक झालेला.

इराणमधून किमिया जानेवारी २०२० मध्ये निघाली. निघाल्यावर तिने एक पत्र लिहून इन्स्टाग्रामवर टाकलं. मी ते भाषांतरात वाचलं. त्यात ती म्हणते की इराणमधल्या लाखो दबलेल्या बायकांपैकी मी एक. त्यांनी सांगितलं ते कपडे घातले, त्यांनी सांगितलं ते वाक्य बोलले, पदकं मात्र त्यांनी आपल्या नावावर मांडली. इराणच्या बातम्यांमध्ये तिचं जाणं हा तायक्वांदोला बसलेला धक्का होता. आणि मग तोच जुना प्रश्न सुरू झाला, कुणी पळवली, कुणाच्या नादाला लागली. साडेतीन वर्षांपूर्वी जी सगळ्यांची लेक होती ती आता कुणाची हे ठरेना. जर्मनीत राहून तिने पुन्हा सराव उभा केला. देश नसलेल्या खेळाडूने सराव उभा करणं म्हणजे काय, हे मी नुसतं लिहितेय. मला ते खरं समजणं शक्य नाही. मी फार तर एवढं जाणते की जून महिन्यात एका बारा वर्षांच्या मुलीने क्लास बदलला तेव्हा तिला पहिले कित्येक दिवस सरावाला जोडीदारच मिळत नव्हता. तिच्या आईने हे मला व्हॉट्सअॅपवर कळवलं होतं. मी अंगठा पाठवला होता.

टोकियोचा तो सामना किमियाने १८–९ असा जिंकला. मी आनंदाने ओरडले. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “दुसरी का नको जिंकायला?”

मी काहीतरी उत्तर दिलं. ते उत्तर असं असावं की ती सगळं सोडून आली, एकटी आहे, म्हणून. आणि ते अर्धं खरंही होतं. पुढच्या फेरीत किमियाने ब्रिटनच्या जेड जोन्सला १६–१२ ने हरवलं, लंडन आणि रिओ अशी दोन सुवर्णं घेतलेल्या जेड जोन्सला. मग चीनच्या झोउ लिजुनला अवघ्या एका गुणाने, ९–८. आम्ही दोघी मायलेकी तोवर उभ्याच होतो. चिपळूणचा चिखल टीव्हीवर मुक्याने वाहत होता. उपांत्य फेरीत रशियाच्या मिनिनाने तिला थांबवलं आणि कांस्यपदकाची लढत ती तुर्कीच्या हातिजे कुब्रा इल्गुनकडून ८–६ अशी हरली. दोन गुण म्हणजे पोटावर बसलेली एक लाथ. फारसीत ‘शिकस्त’ म्हणजे हार. तोच शब्द मराठीत येता येता उलटला. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. त्या संध्याकाळी मला दोन्ही अर्थ एकाच माणसात दिसले.

पण नाहिदचं काय झालं, हे मी त्या दिवशी पाहिलंसुद्धा नाही. ती बाहेर पडली आणि माझ्या लेखी संपली. याची मला आज लाज वाटते, आणि हा लेख लिहायला बसण्याचं एक कारण ती लाज आहे. तायक्वांदोत कुस्तीसारखंच रेपेचाज असतं. तुम्हाला हरवणारी जर अंतिम फेरीत पोचली, तर तुम्हाला परत बोलावतात आणि कांस्यपदकासाठी लढू देतात. साक्षीला पदक मिळालं ते याच वाटेने; तिला हरवलेली रशियन कुस्तीगीर अंतिम फेरीत गेली होती. रिओत किमियालाही स्पेनच्या एवा काल्वोने हरवलं होतं आणि काल्वो अंतिम फेरीत गेल्यामुळेच किमिया परत मॅटवर आली होती. म्हणजे टोकियोत किमिया जर आणखी एक सामना जिंकली असती, तर नाहिदलाही परत बोलावणं आलं असतं. जिने हरवलं तिच्याच जिंकण्यावर आता आपली सगळी आशा टांगलेली. असलं नातं मला दुसऱ्या कुठल्या व्यवहारात सापडत नाही. त्या दिवशी दुपारी नाहिद कुठे बसली होती, किमियाची उपांत्य लढत पाहत होती का, पाहत असेल तर मनात काय मागत होती? तिच्या संघातल्या कुणाला ते सांगता तरी आलं असतं का?

आणि नाहिद मागे राहिली म्हणून ती कमी शूर, असं मी इतकी वर्षं नकळत धरून चालले होते. निघून गेलेलीची गोष्ट सांगायला सोपी असते. तिच्यात एक पहाट असते, एक एसटी असते, एक पत्र असतं. राहिलेलीची गोष्ट रोजची असते, तिला सुरुवात-शेवट नसतो. आमच्या घरात आत्या गेली आणि काकू राहिली. काकू पहाटे उठून बंब पेटवायची, दिवसभर सगळ्यांचं करायची, आणि रात्री सगळे निजल्यावर ओटीवर कंदील घेऊन डी.एड.चा अभ्यास करायची. तिला पास व्हायला सात वर्षं लागली. घरातल्या कुणालाही न दुखवता, कुणाचीही परवानगी मोडून न काढता, ती तसूतसूने स्वतःपुरती जागा करत गेली आणि शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. कॉलेजात असताना मी मैत्रिणींना आत्याची गोष्ट रंगवून सांगायचे. काकूची एकदाही सांगितली नाही. आणि आत्याला मुंबईला गुपचूप पत्रं कोण लिहायचं? काकूच. हे आम्हाला आत्या वारल्यावर तिच्या ट्रंकेत सापडलं.

नाहिद कियानी २०२३ साली बाकूला विश्वविजेती झाली. हिजाब घालून, इराणच्या झेंड्याखाली. ज्या देशात आदल्याच वर्षी महसा अमिनीच्या मृत्यूनंतर बायका-मुली रस्त्यावर उतरल्या होत्या, केस कापत होत्या, मार खात होत्या, त्या देशाची खेळाडू म्हणून. तिने मनात काय वागवलं असेल ते तिचं तिला माहीत. मी पुण्यात बसून तिच्या वतीने ठरवणार नाही. आधी एकदा ठरवून बसले होते, तेवढं पुरे.

मग पॅरिस आलं. ८ ऑगस्ट २०२४. त्या दिवशी आपल्याकडे कुणाचंच मन थाऱ्यावर नव्हतं. आदल्या दिवशी विनेश शंभर ग्रॅम वजनापायी बाद झाली होती, आणि त्या पहाटे तिने कुस्तीचा निरोप घेतल्याचं कळलं होतं. लेक शाळेत जाताना न जेवता गेली. दुपारी ग्राँ पॅलेच्या काचेच्या छताखाली ५७ किलोचा गट सुरू झाला. किमिया आता बल्गेरियाची होती. त्याच वर्षी तिला नागरिकत्व मिळालं होतं. तिसरं ऑलिम्पिक, तिसरा झेंडा. आणि ड्रॉने काय करावं? पहिल्याच लढतीत तिच्यासमोर पुन्हा नाहिद.

या वेळी नाहिद जिंकली.

मी ओरडले नाही. कुणाच्या बाजूने ओरडायचं हे मला कळेना आणि कळू नये असंच वाटत होतं. तीन वर्षांत काहीतरी बदललं होतं, त्या दोघींत नाही, माझ्यात. संध्याकाळी लेक शाळेतून आली तशी दप्तर टाकून विचारती झाली, कोण जिंकलं. मी सांगितलं. ती म्हणाली, “मग आता नाहिद फायनलला जायला पाहिजे. म्हणजे किमियाला परत चान्स.” अकरा वर्षांच्या पोरीला ते सरळ दिसत होतं. नाहिदसाठी मागितलेलं प्रत्येक मागणं किमियाच्याही झोळीत पडत होतं. आम्ही मिसळणाच्या डब्यासमोर उभ्या राहून, फोडणी जळेपर्यंत, मोबाइलमध्ये डोकं घालून नाहिदची उपांत्य लढत पाहिली. नाहिद अंतिम फेरीत पोचली. दार उघडलं. किमिया परत आली आणि चीनच्या लुओ झोंगशीला हरवून कांस्य घेऊन गेली. अंतिम लढतीत कोरियाच्या किम यू-जिनने नाहिदला हरवलं, तेव्हा रौप्य नाहिदचं. इराणच्या स्त्रीने जिंकलेलं पहिलं ऑलिम्पिक रौप्य. आदल्याच दिवशी ४९ किलोत मोबिना नेमतजादेहने इराणसाठी कांस्य घेतलं होतं. म्हणजे किमियाचं रिओचं, मोबिनाचं आणि नाहिदचं, इराणच्या बायकांची तोवरची सगळी ऑलिम्पिक पदकं याच खेळातली, पाठीवर दोऱ्या बांधून मिळालेली.

विजयमंचावर त्या दोघी होत्या. एकीच्या गळ्यात रौप्य, एकीच्या गळ्यात कांस्य. वर चढलेले झेंडे वेगळे. मी त्या फोटोकडे खूप वेळ पाहत राहिले. मला तो फोटो आत्याला दाखवायचा होता. आणि काकूला. आत्या तोवर गेलेली होती. काकूला मी व्हॉट्सअॅपवर पाठवला, खाली काही न लिहिता. तिने रात्री उशिरा उत्तर दिलं, “दोघी आपल्याच की गं.” काकूला तायक्वांदोतलं काही कळत नाही, इराण नकाशात कुठे आहे हे तिने शाळेत शिकवलं असेल तेवढंच. तिला काय दिसलं असेल ते मी विचारलं नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस, त्याच काचेच्या छताखाली, पॅरालिम्पिकमध्ये झाकिया खुदादादीने निर्वासितांच्या पॅरालिम्पिक संघाचं पहिलं पदक जिंकलं. अफगाणिस्तानची, तायक्वांदोचीच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं तेव्हा ती तिथे अडकली होती. सगळ्या गोंधळातून बाहेर काढून तिला टोकियोला नेलं होतं. तिची लढत आम्ही लेकीची परीक्षा असताना पाहिली. अभ्यास राहिला त्या दिवशी. राहू दे.

इतकं सगळं पाहून, वाचून, काकूचं ते वाक्य जपून ठेवूनही डिसेंबरात त्या पत्र्याच्या हॉलमध्ये मी मान हलवली. परक्या देशातल्या दोन मुलींना आपलं म्हणणं मला जमलं. पाच वर्षं जिच्या डब्यातली गूळपोळी माझ्या लेकीने खाल्ली, त्या मुलीला जमलं नाही.

सामना माझी लेक हरली. शेवटच्या फेरीत एका गुणाने पुढे होती. जिल्हा पातळीवर सेन्सरचे गार्ड नसतात. कोपऱ्यातले पंच हातातली बटणं दाबतात. वीस-एक सेकंद उरले असताना मैत्रिणीचा पाय वर आला तो हेडगार्डच्या बाजूला लागल्याचा ठक्क आवाज वरपर्यंत ऐकू आला. डोक्याचे तीन गुण. ती लाथ आमच्याच क्लासमध्ये शिकलेली होती. मी पायऱ्यांवरून तिला ती शंभर वेळा मारताना पाहिली होती, कधी पडताना, कधी रडताना. वेळ संपली. दोघी समोरासमोर वाकल्या, हेडगार्ड काढले. दोघींचे केस कपाळाला चिकटलेले. मैत्रीण वळली आणि पाठ करून माझ्या लेकीसमोर उभी राहिली. दुहेरी गाठ होती, घामाने ओली, सुटत नव्हती. लेकीने आधी नखांनी प्रयत्न केला, मग दातांनी. मॅटवरचे पंच “चला, चला” करत होते, पुढची जोडी येऊन उभी होती. गाठ सुटली. मग माझ्या लेकीने पाठ केली.

गॅलरीत पलीकडच्या टोकाला, शेवटच्या पायरीवर मैत्रिणीची आई एकटी बसली होती. जूनपासून आम्ही बोललो नव्हतो. पाच वर्षं क्लासच्या पायऱ्यांवर आम्ही एका थर्मासमधला चहा प्यायलो होतो. तिच्या सासूचं आजारपण, माझ्या बाबांचं जाणं, दोन्ही त्या पायऱ्यांवर झालं होतं. मुलगी जिंकूनही तिने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. माझ्याकडे पाहत होती. मी उठले. शेजारच्या आईने विचारलं, “कुठे निघालीस?” पलीकडे जायला सगळ्या आयांच्या गुडघ्यांवरून, पिशव्यांवरून, पाण्याच्या बाटल्यांवरून वाट काढावी लागली. पोचले तेव्हा काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. तिने शेजारी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.